दुसऱ्याचे ताट
(साक्षरता वर्गातील मंडळींसमोर केलेले भाषण)



आज आपण जेवणाविषयी बोलू. पण आपल्या जेवणाविषयी नाही. दुसऱ्याच्या ताटाविषयी.

मागच्या महिन्यात आपल्या वर्गातलेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा मुलगा पुण्याकडे कारखान्यात कामाला आहे. चार मुले मिळून एक खोली घेऊन राहतात. गृहस्थ काळजीत दिसले. म्हणाले, "गुरुजी, पोरगा खोली सोडतो म्हणते. त्याच्या खोलीत नागालँडचा एक पोरगा आला हाये. तो काहीतरी सडवून खाते. असा वास सुटते का पोराले घरात बसवत नाई."

आम्ही विचारले, "पण तो खातो तरी काय?"

"ते काई पोरानं इचारलं नाई."

आम्ही म्हणालो, "आधी विचारायला सांगा. मग खोली सोडायचे बघू."

दोन दिवसांनी गृहस्थ परत आले. या वेळी ते हसत होते. म्हणाले, "गुरुजी, पोरानं इचारलं. ते सोयाबीन हाये म्हणते!"

त्यांच्या स्वतःच्या घरात त्या दिवशी सोयाबीनची पोती रचून ठेवली होती.

मंडळी, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी सोयाबीन पिकते. कापूस, तूर आणि सोयाबीन यांवरच आपला संसार चालतो. पण ते आपण खातो का? फारसे नाही. पोते भरतो आणि बाजारात नेतो. नागालँडचे लोक मात्र ते आवडीने खातात. ते सोयाबीन शिजवून मऊ करतात. पाणी निथळतात. मग ते पानांत गुंडाळतात आणि चुलीजवळच्या उबेला काही दिवस ठेवतात. ते आंबते, चिकट होते आणि त्याला उग्र वास येतो. त्याला तिकडे अखुनी म्हणतात. अखुनीची चटणी करतात. भाजीत आणि मांसात ती मसाल्यासारखी घालतात. जपानमध्येही लोक असेच आंबवलेले सोयाबीन खातात. त्याला नाट्टो म्हणतात. ते काडीने उचलले की त्याच्या तारा सुटतात. जपानी माणूस ते सकाळी गरम भाताबरोबर खातो.

म्हणजे पीक एकच. आपण त्याला पैसा म्हणतो, ते त्याला अन्न म्हणतात.

या वासावरून मोठ्या शहरांतही भांडणे झाली आहेत. ईशान्येकडच्या राज्यांतली पुष्कळ मुले शिकायला आणि नोकरीला दिल्लीला जातात. 2007 साली दिल्ली पोलिसांनी त्या मुलांसाठी सूचनांची एक पुस्तिका काढली. बांबूचे कोंब, अखुनी असे वासाचे पदार्थ शिजवताना शेजारी गडबड होऊ देऊ नका, अशी त्यात एक सूचना होती. त्या मुलांना ते फार लागले. आपल्याच देशात आपण काय शिजवावे, हे पोलिसांनी सांगावे का, असे त्यांनी विचारले. पुस्तिकेवर टीकाही झाली.

आता बांबूच्या कोंबांचेच पाहा. आपल्या विदर्भात जंगलाकडचे लोक पावसाळ्यात ते खातात. त्यांना वासते म्हणतात. मग ते परके कसे?

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, पण सडवलेले कसे खावे?" आम्ही तुम्हाला एक विचारतो. उन्हाळ्यात आपल्या घरी कुरडया होतात. त्यासाठी गहू तीन दिवस पाण्यात भिजत घालतात. तिसऱ्या दिवशी त्या भांड्याला कसा वास येतो? पाहुणा नाक दाबील असा येतो. पण आपल्याला तो वास वाईट वाटत नाही. त्या वासाबरोबर आपल्याला गव्हाचा गरम चीक आठवतो. लहानपणी आईभोवती वाटी घेऊन बसलो होतो, ते आठवते. त्या नागालँडच्या मुलालाही अखुनीच्या वासाने आपली आई आठवत असेल. आपले दही म्हणजे आंबवलेले दूध. आपली आंबील आंबवलेलीच. अन्न आंबवणे ही काही नागालँडची एकट्याची विद्या नाही.

नाक कोणते चांगले आणि कोणते वाईट? मंडळी, नाकाला घरी जे शिकवले तेच ते जाणते. हिंगाचे पाहा. हिंग ही एका झाडाच्या मुळातून निघणारी चिकट राळ आहे. ती अफगाणिस्तान आणि इराणकडून आपल्याकडे येते. चिमूटभर हिंग फोडणीत पडला की आपल्या तोंडाला पाणी सुटते. युरोपातल्या लोकांना तोच वास सहन होत नसे. जर्मन भाषेत हिंगाचे जे नाव आहे, त्याचा अर्थ सैतानाची विष्ठा असा होतो! आपल्या वरणाला कोणी असे म्हटले तर आपल्याला कसे वाटेल? आपण दुसऱ्याच्या ताटाला "शी" म्हणतो, तेव्हा त्यालाही तसेच वाटते.

आता आपले म्हणून जे आपण खातो, ते सगळे आपले आहे का, तेही पाहू. एकादशीला घरोघरी साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा एका कंदापासून करतात. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आज तो तामिळनाडूत सेलमकडे फार पिकतो. खिचडीतला बटाटा अमेरिकेतला. भुईमुगाचा दाणा अमेरिकेतला. हिरवी मिरचीही अमेरिकेतलीच. कोलंबस 1492 साली तिकडे पोचला. वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला. त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिके आपल्याकडे आली. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी, म्हणजे तेराव्या शतकात, महाराष्ट्रात कोणी मिरची पाहिली नव्हती. बटाटाही पाहिला नव्हता. आज आपण त्यांच्या नावाने एकादशी धरतो आणि साबुदाणा खातो. त्यात पाप काही नाही. पण परक्याचे अन्न म्हणून हसण्याआधी आपले ताट पाहावे.

चहाचेही असेच. आज सकाळी चहा न घेता कोण आला आहे? हात वर करा. एकही नाही. पण याच चहावरून पुण्यात केवढे रामायण झाले होते! 1890 साली पंचहौद मिशनमध्ये काही पुढाऱ्यांना बोलावणे होते. ते ख्रिस्ती मिशन. तिथे पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. लोकमान्य टिळक तिथे होते, न्यायमूर्ती रानडे होते, गोपाळ कृष्ण गोखलेही होते. गोपाळराव जोशी यांनी ही गोष्ट जगजाहीर केली. आलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली. मग मोठे वादळ उठले. ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून धर्म बुडाला, असे म्हणू लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी 1892 साली रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एवढा मोठा न्यायाधीश, पण कपभर चहासाठी त्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले! आज त्याच पुण्यात गल्लोगल्ली चहाच्या टपऱ्या आहेत.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. भांडण चहाचे नव्हते. तो कोणाच्या हातचा, याचे होते. ताटावरची पुष्कळ भांडणे अशीच असतात. नाव पदार्थाचे घ्यायचे आणि खाली ढकलायचे माणसाला. आपल्या गावांतही अमक्याच्या घरचे पाणी चालत नाही, तमक्याच्या घरचे अन्न चालत नाही, असे पिढ्यान् पिढ्या चालले. त्याचे दुःख ज्यांनी भोगले, ते या वर्गातही बसले आहेत. त्यांना आम्ही अधिक काय सांगावे?

आता आमच्या लहानपणचे सांगतो. 1972 च्या दुष्काळात आम्ही दहा-अकरा वर्षांचे होतो. रेशनच्या दुकानात अमेरिकेची तांबडी मिलो आली. तिची भाकरी तांबूस होई आणि चवीला तुरट लागे. आम्ही ताट लोटून दिले आणि रडलो. गावात लोक म्हणत, "हे तिकडं डुकराले घालतात." आमची आजी काही बोलली नाही. तिने आमच्या ताटातली भाकरी उचलली आणि स्वतः खाल्ली. मग म्हणाली, "अन्नाले नावं ठेवू नये. ज्याच्या घरी हे बी नाई, त्याले इचार."

पुढे मास्तर झाल्यावर आम्हाला कळले की मिलो म्हणजे ज्वारीच. दाणा तांबडा, जात वेगळी, पण पीक तेच. आणि ज्वारी तरी मूळची कुठली? आफ्रिकेतली. फार जुन्या काळी ती आपल्याकडे आली आणि आपली झाली. म्हणजे आपण बहिणीलाच परकी म्हणून हिणवत होतो.

आजीचा हा धडा आम्ही विसरलो, ती गोष्ट आता सांगतो. सांगायला लाज वाटते. पण सांगितली पाहिजे.

पस्तीसएक वर्षे झाली असतील. आम्ही केळापूर तालुक्यात एका शाळेवर होतो. जवळच्या पोडावरची कोलामांची मुले शाळेत येत. त्या काळी शाळेत खिचडी शिजत नसे. मुले घरून काहीतरी बांधून आणत. तिसरीत एक कोलाम मुलगा होता. अक्षर सुंदर. पाढे पाठ. चैताचे दिवस होते. त्याने फडक्यात भाकरी आणि शिजवलेली मोहफुले आणली. मोहाचा वास तुम्हाला माहीत आहे. मुले ओरडू लागली, "यानं दारू आणली! दारू आणली!" सगळा वर्ग हसला. आम्ही काय करायला हवे होते? मुलांना गप्प करायला हवे होते. पण आम्ही त्या मुलालाच म्हणालो, "उद्यापासून हे शाळेत आणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आम्ही पोडावर गेलो. त्याची आई अंगणात मोहफुले वाळत घालत होती. ती रागावली नाही. म्हणाली, "गुरुजी, उन्हाळ्यात आमच्या घरी हेच हाये. हे नाई आणायचं त मंग काय आणाचं? उपाशी पोटी लेकरू कसं येईल?"

तिने आमच्यापुढे पानावर मोहफुले ठेवली. आम्ही खाल्ली. गोड होती, मनुकांसारखी. त्यात दारूचे काही नव्हते. मोहाच्या वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर असते. चैत-वैशाखात घरातले धान्य संपत येते. नेमके तेव्हाच हे झाड पहाटे फुलांचा सडा टाकते. ज्यांच्याकडे शेत नाही, त्यांचे ते शेत. दारू हा मोहाचा एक उपयोग झाला. द्राक्षाचीही दारू होते. म्हणून द्राक्षे खाणाऱ्या मुलाला आपण दारूबाज म्हणतो का?

तो मुलगा परत शाळेत आला नाही. तो गुरांमागे जाऊ लागला. पुढे दोन वर्षांनी त्याच्या धाकट्या बहिणीचे नाव आम्ही शाळेत घातले. जेवायच्या सुट्टीत आम्ही तिच्या शेजारी आमचा डबा उघडून बसू लागलो. तिच्या फडक्यातले थोडे आम्ही घेत असू. मग कोणी हसले नाही. पण त्या मुलाची शाळा सुटली ती सुटलीच. एका शब्दाने सुटली. तो शब्द आमचा होता.

आज बचत गटाच्या बाया मोहाचे लाडू करून विकतात आणि शहरातले लोक ते पैसे मोजून घेतात. आम्हाला दर वेळी तो मुलगा आठवतो.

अन्नाकडे पाहण्याची लोकांची नजर अशी बदलत जाते. आपल्या विदर्भातच गडचिरोलीकडे आदिवासी बांधव लाल मुंग्यांची चटणी खातात. छत्तीसगडात बस्तरलाही खातात. मुंगीच्या अंगात आंबट आम्ल असते. त्यामुळे चटणीला लिंबासारखी चव येते. ऐकून अंगावर काटा येतो ना? पण ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या अशाच चटणीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अमुक वस्तू अमुक मुलखाची, असा हा सरकारी शिक्का असतो. आपल्या नागपूरच्या संत्र्याला जो शिक्का मिळाला, तोच या चटणीला मिळाला.

तर मग जे पुढे येईल ते सगळे खावे का? नाही मंडळी. आम्ही तसे म्हणत नाही.

काही अन्नात खरोखरच अपाय असतो. पूर्व विदर्भात लाखोळीची डाळ होते. गरिबाला ती स्वस्त पडे. पण दुष्काळात महिनोन् महिने मुख्यतः तिच्यावरच जगणाऱ्या माणसांचे पाय ताठरत. कित्येक जन्माचे लंगडे झाले. म्हणून 1961 साली बऱ्याच राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली. आपले सोयाबीनही कच्चे खाऊ नये. ते चांगले शिजवावे लागते. साबुदाण्याचा कंदही कच्चा खाल्ला तर विषारी असतो. धुऊन, शिजवून त्याचे विष जाते. हे सगळे कोणी शोधले? नाक मुरडणाऱ्याने नाही. ज्यांनी पाहिले, विचारले आणि तपासले, त्यांनी शोधले. लाखोळी दिसायला साधी, वासाला चांगली. तरी तिने पाय नेले. मोहाला उग्र वास, पण त्याने माणसे जगवली. म्हणून अन्न चांगले की वाईट, हे वासावरून ठरवू नये. माहिती घेऊन ठरवावे.

आणि माहिती घेतल्यावरही एखादी गोष्ट खायची नसेल तर खाऊ नये. माळकरी माणसाने माळ मोडावी, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. ज्याला मांस चालत नाही त्याने खाऊ नये. ज्याला अमुक मांस धर्माने वर्ज्य आहे त्यानेही खाऊ नये. "आम्ही हे खात नाही" असे म्हणण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. "तू हे खातोस म्हणून तू हलका" असे म्हणण्याचा हक्क कोणालाच नाही. या दोन वाक्यांतला फरक घरी मुलांना समजावून सांगा.

आपल्या जिल्ह्यात आता बाहेरची माणसे पुष्कळ येतात. वणीकडच्या कोळसा खाणींत कितीतरी मुलखांचे लोक काम करतात. ओडिशाचा माणूस रात्रीचा भात पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी खातो. उन्हात त्याने थंड वाटते. तेलंगणाचा माणूस गोंगुरा मागतो. ती तर आपली अंबाडीच आहे! आणि आपली मुले पुण्याला जातात, मुंबईला जातात, परदेशालाही जातात. तिथे परकी तीच असतात. तिथे कोणी त्यांच्या ठेच्याला नाक मुरडू नये, असे आपल्याला वाटते ना? मग सुरुवात आपल्या गावातून करा.

परक्याचे अन्न पुढे आले म्हणजे काय करावे, ते थोडक्यात सांगतो.

पहिले, तोंड वाकडे करू नका. "शी" म्हणू नका. मुलांसमोर तर मुळीच नाही.

दुसरे, विचारा. हे काय आहे? कसे करता? केव्हा खाता? विचारल्याने माणूस खूश होतो आणि आपल्याला माहिती मिळते.

तिसरे, खायचे असेल तर घासभर चाखून पाहा. नको असेल तर हात जोडून "आम्हाला चालत नाही" म्हणा. दुसरे काही बोलू नका.

चौथे, एका खोलीत, एका चाळीत राहताना वासाचा खरोखर त्रास होत असेल तर भांडू नका. बसून बोला. खिडकी उघडणे, वेळ ठरवणे, झाकण लावणे, अशा साध्या गोष्टींनी पुष्कळ भांडणे मिटतात.

आता त्या पुण्याच्या मुलाचे काय झाले, ते सांगून पुरे करतो. त्याने खोली सोडली नाही. अखुनी फक्त रविवारी शिजवायची आणि तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवायची, असे त्यांनी आपसांत ठरवले. आपल्या मुलाला अखुनी अजून आवडत नाही. त्याने एकदा चाखली आणि पुरे म्हणाला. पण त्याने नागालँडच्या मित्राला घरून आणलेला मिरचीचा ठेचा दिला. त्याला वाटले, आता याची फजिती होणार. तो मित्र सगळा ठेचा खाऊन गेला आणि म्हणाला, "चांगला आहे, पण तिखट कमी आहे." नागालँडला जी मिरची होते, ती जगातल्या फार तिखट मिरच्यांपैकी आहे. आपल्या मुलाला ते कुठे माहीत होते?

पुढच्या खेपेला तो मित्र आपल्या गावी यायचा आहे. त्याला सोयाबीनचे शेत पाहायचे आहे. तो आला म्हणजे आपल्यापैकी कोणीतरी त्याला जेवायला बोलवा. त्याच्या ताटात काय वाढायचे, ते आधी त्याला विचारा.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो.